अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायचंय? पात्रतेचा अर्ज, कागदपत्रं आणि वाद झाला तर पुढे काय

पुतण्याचा अर्ज भरायला आम्ही दोघं रात्री जेवणं आटोपून लॅपटॉप घेऊन बसलो. 'दहावी-बारावीनंतर कुठल्या कॉलेजात प्रवेश घेतला होता' अशा अर्थाचा रकाना आला आणि त्याने झटकन आपल्या ज्युनियर कॉलेजचं नाव टाकलं. त्याचं काय चुकलं? आपल्याकडे अकरावी-बारावीला ज्युनियर कॉलेजच म्हणतात. पण अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे शालेय शिक्षण संपल्यावरचं दोन वर्षांचं कॉलेज, आणि तिथे घालवलेली वर्षं खेळाडूच्या खेळण्याच्या मुदतीतून वजा होतात. ते नाव तसंच राहिलं असतं तर पोराची दोन वर्षं न खेळताच संपलेली दिसली असती. आम्ही ते पुसलं आणि अकरावी-बारावी शाळेच्या रकान्यात भरली.

त्या रात्रीपासून मी या विषयाचे नियम वाचत आलो आहे. एक गोष्ट मनात पक्की बसली. पात्रतेचे बहुतेक वाद मुलगा कसा खेळतो यावरून होत नाहीत. ते होतात तारखांवरून, पैशांवरून आणि कुणीतरी चार वर्षांपूर्वी निष्काळजीपणे भरलेल्या कागदावरून. म्हणून हे सगळं मूल नववीत असतानाच घरात माहीत असायला हवं.

परवानगी कोण देतं

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे एनसीएए. 1906 साली सुरू झालेली, मुख्यालय इंडियानापोलिसला. तिच्यात तीन गट आहेत. डिव्हिजन वन आणि टू मध्ये खेळाची शिष्यवृत्ती मिळते, डिव्हिजन थ्री मध्ये मिळत नाही. वन किंवा टू मध्ये खेळायचं असेल तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडे ऑनलाइन खातं काढून फी भरावी लागते. सेंटर दोन गोष्टी तपासतं. एक शिक्षण, दुसरी हौशीपणा, म्हणजे खेळाडू आधी व्यावसायिक म्हणून खेळला आहे का.

इथे पालकांची फसगत होते. कोचने फोनवर सांगितलं, 'तुझी जागा पक्की', की घरात पेढे वाटले जातात. कोच संघात घेऊ शकतो, शिष्यवृत्ती देऊ शकतो, पण पात्र ठरवणं त्याच्या हातात नाही. शिवाय एखाद्या कॉलेजने तुमचं नाव आपल्या मागणी-यादीत टाकल्याशिवाय सेंटर अंतिम निर्णयही देत नाही. म्हणून कोचला पहिला प्रश्न हाच विचारा, 'सर, यादीत नाव टाकलंत का?' पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरला प्रवेश घ्यायचा असेल तर हौशीपणाच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून खात्यातून स्वतः करावी लागते. ती राहून गेली तर बाकी सगळं जागेवर असूनही फाइल तिथेच थांबते.

शिक्षणाची अट

नववी ते बारावीत 16 मुख्य विषय-वर्षं लागतात. डिव्हिजन वनसाठी त्यांत इंग्रजीची चार, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, समाजशास्त्रांची दोन, आणि उरलेली याच प्रकारच्या किंवा परकीय भाषेसारख्या विषयांतून. शारीरिक शिक्षण यात धरत नाहीत, त्यामुळे पीटीचे गुण कितीही चांगले असले तरी इथे उपयोग नाही. डिव्हिजन वनसाठी या विषयांत सरासरी चारपैकी किमान 2.3 ग्रेड पॉइंट हवा, टूसाठी 2.2. वनमध्ये 2.0 ते 2.3 च्या मध्ये अडकलेल्याला शिष्यवृत्ती मिळू शकते, पहिल्या सत्रात सरावही करता येतो, पण पहिलं वर्ष सामना खेळता येत नाही. जानेवारी 2023 पासून सॅट किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांचे गुण एनसीएए मागत नाही. कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी मागू शकतं, ती वेगळी गोष्ट.

आपल्या टक्क्यांचं ग्रेड पॉइंटमध्ये रूपांतर घरी कॅल्क्युलेटर घेऊन करत बसू नका. देशोदेशीच्या बोर्डांसाठी एनसीएएची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, त्यात भारताचंही प्रकरण आहे. सेंटर त्यावरूनच हिशोब करतं.

कागदपत्रं

नववी, दहावी, अकरावी, बारावी या चारही वर्षांच्या गुणपत्रिका लागतात. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं घरात जपून ठेवलेली असतात. पंचाईत होते नववी आणि अकरावीची. मराठी माध्यमाच्या शाळेचं नववीचं प्रगतिपुस्तक मराठीत असतं, कधी हाताने लिहिलेलं, वर्गशिक्षकांच्या सहीचं. त्याचं ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर करून प्रमाणित करून घ्यावं लागतं आणि मूळ मराठी प्रतही सोबत जोडावी लागते. शाळेच्या कार्यालयात जाऊन जुनं रजिस्टर काढायला लावायचं असेल तर मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी जा.

दुसरी अडचण नावाची. आपल्या राज्य बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. तिकडे बसलेल्या माणसाला 'जाधव ओंकार सुनील' आणि 'ओंकार जाधव' ही दोन माणसं वाटू शकतात. एलिजिबिलिटी सेंटरचं खातं पासपोर्टप्रमाणेच काढा, आणि ही दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची आहेत असं शाळेच्या लेटरहेडवर, जन्मतारखेसह, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र आधीच काढून ठेवा.

पाच वर्षांचं घड्याळ

डिव्हिजन वनचा गेली अनेक वर्षं चालत आलेला नियम असा, की जगात कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि त्या पाचांत चार हंगाम खेळता येतात. इथे एफवायला प्रवेश घेऊन 'बघू, अमेरिकेचं जमलं तर जाऊ' म्हणणाऱ्याचं घड्याळ इथेच सुरू झालेलं असतं, मग तो एकही सामना खेळलेला नसला तरी.

ड्रॉप घेणाऱ्यांसाठी वेगळी अट आहे. बास्केटबॉलमध्ये बारावी वेळेत संपण्याच्या तारखेपासून साधारण एक वर्षाची सवलत असते. त्यानंतरही प्रवेश न घेता संघटित स्पर्धा खेळत राहिलात तर हंगाम कापले जातात. 'वेळेत' हा शब्द महत्त्वाचा. नववीत गेल्यापासून चार वर्षांनी जी तारीख येते ती धरली जाते. बारावीला पुन्हा बसलात म्हणून ती पुढे सरकत नाही. या नियमांत दरवर्षी दुरुस्त्या होतात, तेव्हा अर्जाच्या वर्षीची नियमपुस्तिका बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका.

पैशांचा प्रश्न

हे प्रकरण सर्वांत वेदनादायक आहे. तुर्कीचा एनेस कांटर केंटकी विद्यापीठात खेळायला आला होता. त्याआधी तो फेनरबाचे या तुर्की क्लबकडून खेळला होता. खर्चापेक्षा 33,033 डॉलर जास्त मिळाले असं ठरवून एनसीएएने 2010-11 च्या हंगामात त्याला कायमचा अपात्र ठरवलं. तो केंटकीसाठी एकही सामना खेळला नाही. 2011 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, मात्र तो तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

मेम्फिस विद्यापीठाच्या जेम्स वाइझमनचं प्रकरण 2019 चं. 2017 साली त्याच्या कुटुंबाला मेम्फिसला घर हलवायला माजी एनबीए खेळाडू पेनी हार्डवेने 11,500 डॉलर दिले होते. हार्डवे पुढे त्याच विद्यापीठाचा कोच झाला, तेव्हा नव्हता, पण 2008 मध्ये त्याने विद्यापीठाला दहा लाख डॉलर दिले होते म्हणून तो 'बूस्टर', म्हणजे विद्यापीठाचा पाठीराखा देणगीदार, ठरला, आणि बूस्टरकडून घेतलेली मदत नियमबाह्य ठरली. वाइझमनने कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला आणि खेळला. पुढे दावा मागे घेतला, विद्यापीठानेच त्याला अपात्र जाहीर करून पुनर्स्थापनेचा, म्हणजे पुन्हा पात्र ठरवण्याचा, अर्ज केला, आणि 12 सामन्यांची बंदी व तेवढीच रक्कम धर्मादाय संस्थेला देण्याची अट आली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या घरचं सामान हलवायला घेतलेली मदत त्याच्याच अंगावर आली, हे मला आजही पटत नाही.

आता काळ बदलला आहे. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि प्रतिमा वापरू देऊन पैसे मिळवता येतात, आणि जून 2025 मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीमुळे विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. पण आपल्या मुलांनी इथे फार जपून राहावं. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत काम करण्याला कडक मर्यादा आहेत आणि जाहिरातीसाठी कॅमेऱ्यासमोर उभं राहणंही काम ठरू शकतं. काँगोचा ऑस्कर शिब्वे केंटकीकडून खेळायचा. 2022 मध्ये संघ बहामाजला गेला तेव्हा त्याने तिथे, अमेरिकेबाहेर, आपली अशी कामं उरकली. सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

इथल्या स्पर्धेत मिळालेलं रोख बक्षीस, क्लबने दिलेलं मानधन, एजंटशी झालेलं बोलणं, सगळं तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि अर्जात विचारलं तसं खरं सांगा. मान्य केलेल्या पैशांवर काही तोडगा निघू शकतो. लपवलेली गोष्ट बाहेर आली तर तीच स्वतंत्र गुन्हा ठरते.

वाद झालाच तर

अपात्रतेचं पत्र आलं की पहिली धाव विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसकडे, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या कार्यालयाकडे. एनसीएएकडे पुनर्स्थापनेचा किंवा वेव्हरचा, म्हणजे नियमातून सूट मिळवण्याचा, अर्ज विद्यार्थी स्वतः करू शकत नाही. तो विद्यापीठच करतं. विद्यार्थ्याने द्यायचं ते स्वतःच्या शब्दांतलं निवेदन, बँकेचे व्यवहार, करारांच्या प्रती, आजारपण किंवा दुखापतीचे त्याच वेळचे वैद्यकीय कागद. नंतर डॉक्टरांकडून लिहून आणलेल्या पत्रापेक्षा त्या दिवशीचा केसपेपर जास्त वजनदार. निर्णय विरोधात गेला तर समितीकडे अपील, तेही विद्यापीठामार्फतच.

त्यानंतर कोर्ट. बास्केटबॉल खेळाडू रेक्वान बॅटल दुसऱ्यांदा विद्यापीठ बदलून वेस्ट व्हर्जिनियाला आला, त्याचा वेव्हर नाकारला गेला, अपीलही फेटाळलं गेलं. सात राज्यांनी मिळून दावा लावला, डिसेंबर 2023 मध्ये मनाई हुकूम मिळाला आणि तो खेळला. एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने नियमच बदलला. अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येतं. अमेरिकन फुटबॉलच्या दिएगो पाविया याला डिसेंबर 2024 मध्ये ज्युनियर कॉलेजच्या वर्षांवरून असाच दिलासा मिळाला, आणि त्याच्यासारख्या इतरांनाही एक जादा वर्ष दिलं गेलं.

कोर्टाचा रस्ता मोहक वाटतो, पण एनसीएएच्या नियमांत एक कलम आहे. मनाई हुकुमावर खेळलात आणि पुढे तो हुकूम उलटला, तर संघाचे त्या काळातले विजय रद्द होऊ शकतात. बॅटलच्या खटल्यात कोर्टाने हे कलम वापरायला मनाई केली होती. दरवेळी तसं होईलच असं नाही, म्हणून वकिलाला याबद्दल आधी विचारा.

वाद चालू असताना मुलगा बाकावर बसलेला असतो आणि घरी फोन करून रडतो. त्या दिवसांत 'सोडून परत ये' म्हणू नका. एफ-वन व्हिसा खेळावर नाही, पूर्णवेळ शिक्षणावर टिकतो. वर्ग सोडले तर व्हिसा जातो, आणि मग अपील जिंकूनही खेळायला तिथे कुणी नसतं. कांटर अपात्र ठरल्यावरही केंटकीतच राहिला आणि विद्यार्थी साहाय्यक प्रशिक्षक म्हणून संघासोबत वावरला.