मारिओला वर कोणी उचलले?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता आणि त्यातला बराच वेळ कानाला हेडफोन लावून मित्रांबरोबर ऑनलाइन खेळत होता. नेम चुकला, गाडी कठड्यावर आदळली किंवा हातातोंडाशी आलेला सामना गेला की पलीकडून कोणीतरी हमखास म्हणायचे, "कॉस्मिक रे लागला असणार!", आणि सगळे खिदळायचे. मी चौकशी केली तेव्हा त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितले, "मामा, ही नुसती थट्टा नाही. कुठल्या तरी ताऱ्याच्या स्फोटातून निघालेल्या कणाने एका व्हिडिओ गेममधल्या मारिओला खरंच उचलून वर ठेवलं होतं." ही हकिकत मी त्याआधीही वाचली होती आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती अशाच छातीठोक शब्दांत सांगितलेली होती. तिच्यात दोन वेगळी विधाने एकमेकांना चिकटवलेली आहेत. यंत्राच्या मेमरीतला एक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढेच साठवणारा खण, पालटला, हे पहिले, आणि तो वैश्विक किरणांनी (कॉस्मिक रे), म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांनी, पालटवला, हे दुसरे. पहिल्याचा पुरावा भक्कम आहे, दुसऱ्याचा नाही.

प्रसंग २०१३ सालचा आहे. निन्टेंडो ६४ या यंत्रावरचा 'सुपर मारिओ ६४' हा खेळ १९९६ मध्ये आला आणि तो कमीत कमी वेळात संपवण्याच्या शर्यती, ज्यांना स्पीडरन म्हणतात, अजूनही चालतात. एका खेळाडूची अशी शर्यत थेट प्रक्षेपित होत असताना त्याचा मारिओ एका अवाढव्य घड्याळाच्या पोटात रचलेल्या टप्प्यात, तळाच्या बाजूला होता. तिथून वर जायचे तर फिरती चाके आणि हलत्या फळ्या यांवरून एकेक उडी मारत चढावे लागते. पण मारिओ न चढताच एकाएकी कितीतरी वरच्या फळीवर दिसू लागला. ही युक्ती हाती लागली असती तर शर्यतीतले मोलाचे सेकंद वाचले असते, त्यामुळे खेळाच्या अंतर्गत रचनेचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या एका जाणकाराने हा प्रकार पुन्हा घडवून दाखवणाऱ्यास १,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. मूळ खेळात ते कोणालाही जमले नाही. अखेर त्याने मेमरीत साठवलेल्या मारिओच्या उंचीचा एकच बिट नेमक्या त्या क्षणी हाताने बदलून पाहिला आणि मारिओ चित्रफितीतल्याप्रमाणेच वर गेला.

एका बिटाने इतका फरक कसा पडतो, हा या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. शाळेत आपण ४२०७ ही संख्या ४.२०७ × १०³ अशी लिहायला शिकतो. संगणक अपूर्णांक असलेल्या संख्या याच धर्तीवर, पण १० ऐवजी २ हा पाया धरून साठवतो. त्या क्षणी मारिओची उंची उणे ४२०७ एकके होती, म्हणजे शून्याची पातळी त्याच्या डोक्याच्या बरीच वर होती. २ चा बारावा घात ४०९६ असल्यामुळे ही उंची साधारण −१.०२७१ × २¹² अशी लिहिता येते. मेमरीत तिच्यासाठी ३२ खणांची एक ओळ राखलेली असते. पहिला खण चिन्हाचा, पुढचे आठ घातांकाचे आणि उरलेले २३ दशांशचिन्हानंतरच्या भागाचे असतात. घातांक उणेही असू शकतो म्हणून त्यात १२७ मिळवून तो लिहिण्याचा संकेत आहे, त्यामुळे १२ च्या जागी १३९ लिहिले जातात. हे सारे मांडले की ओळ अशी दिसते:

११०००१०१ १०००००११ ०११११००० ००००००००

वाचकाने पेन्सिल घेऊन पहिला अंक सोडावा आणि पुढचे आठ अंक उतरवून घ्यावेत. ते १०००१०११ असे आहेत आणि त्यांची किंमत १३९ येते. आता मूळ ओळीतला डावीकडून आठवा अंक १ चा ० करावा:

११०००१०० १०००००११ ०११११००० ००००००००

घातांकाचे आठ अंक आता १०००१००१ झाले, म्हणजे १३७. त्यातून १२७ वजा केले की १० उरतात. २¹² च्या जागी २¹⁰ आल्याने संख्या बरोबर चौपटीने लहान झाली आणि उणे ४२०७ ची उणे १०५१.७५ झाली. उणे संख्या लहान होणे म्हणजे शून्याकडे सरकणे, आणि शून्य वर असल्याने मारिओ ३,१५५ हून अधिक एकके वर गेला. त्याची उंची अधिक ४२०७ असती तर याच बदलाने तो तितकाच खाली आला असता आणि शर्यत हरलेल्या खेळाडूकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

शेजारचाच, म्हणजे नववा अंक पालटला असता तर उंची निम्मी होऊन उणे २१०३.५ झाली असती. पहिला पालटला असता तर चिन्ह बदलून मारिओ अधिक ४२०७ वर पोहोचला असता. शेवटचा पालटला असता तर उंचीत एका एककाच्या सुमारे दोनहजाराव्या भागाचा फरक पडला असता आणि तो जगात कोणाच्याही लक्षात आला नसता. म्हणजे या ३२ खणांपैकी मोजकेच खण तमाशा दाखवू शकतात. चित्रफितीत दिसलेली झेप आठव्या खणाशी तंतोतंत जुळते, आणि बिट पालटल्याच्या विधानाला मी भक्कम म्हणतो ते यामुळेच. शिवाय हा खेळ सेकंदाला तीस वेळा मेमरीतली जुनी उंची वाचतो, तीत वेगाप्रमाणे थोडी भर-घट करतो आणि नवी उंची पुन्हा तिथेच लिहितो. क्षणापूर्वी मारिओ कुठे होता याची वेगळी नोंद पडताळून पाहण्याची तसदी तो घेत नाही, त्यामुळे बिघडलेली उंची हीच पुढच्या हिशेबाची खरी उंची ठरली.

आता त्या अदृश्य हाताकडे वळू. अवकाशातून पृथ्वीवर सतत अतिवेगवान कण आदळत असतात आणि त्यांत सुमारे नव्वद टक्के प्रोटॉन असतात. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर जाऊन या प्रारणाचा माग काढला आणि १९३६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरातील अणुकेंद्रावर आदळला की त्यातून नवे कण निघतात, ते पुढे आणखी कण निर्माण करतात आणि खाली येईपर्यंत त्यांचा पाऊस होतो. या वर्षावातील इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकणांच्या साखळीचे गणित १९३७ मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडले. भाभांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स-३ ही वेधयंत्रणा आजही उटीच्या डोंगरावर हाच पाऊस मोजते.

समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर दर मिनिटाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे या पावसातलाच एक भारित कण, पडतो. तळहात पसरला तर सेकंदाला एखाददुसरा त्यातून आरपार जातो. परंतु मेमरीच्या दृष्टीने म्यूऑन फारसा उपद्रवी नसतो. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि 'होल' (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) यांची एक जोडी सुटी व्हायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा लागते, आणि म्यूऑन एका मायक्रॉनच्या प्रवासात अशा शंभराच्या आसपासच जोड्या मागे सोडतो. त्या काळच्या मेमरीत एकेक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर असे आणि त्याच्यावरचा विद्युतभार काही लाख इलेक्ट्रॉनांइतका असे. त्याला शंभर-दोनशेंनी काय धक्का बसणार? खरा उपद्रव करतो तो न्यूट्रॉन. त्याच्यावर विद्युतभार नसल्याने तो छप्पर, यंत्राची प्लास्टिकची पेटी आणि चिपचे आवरण यांतून सहसा गुपचूप निघून जातो. क्वचित एखादा मात्र सिलिकॉनच्या अणुकेंद्रावरच आदळतो. मग ते केंद्र जागचे उडते किंवा फुटते आणि त्याचे जड, भारित तुकडे अवघ्या काही मायक्रॉनांत आपली ऊर्जा ओतून थांबतात. दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट जरी ओतले गेले तरी पावणेतीन लाखांहून अधिक जोड्या तयार होतात. तो सगळा भार एका कपॅसिटरच्या वाट्याला आला तर भरलेला आणि रिकामा हा फरकच पुसला जातो. त्यानंतरचा भाग मला विशेष गमतीचा वाटतो. अशा मेमरीतला भार आपोआप गळत असल्याने यंत्र सेकंदात अनेक वेळा प्रत्येक बिट वाचून पुन्हा ताजा करते, आणि बिट एकदा पालटला की तेच प्रामाणिक यंत्र चुकीचा बिटही तितक्याच निष्ठेने ताजा करत राहते.

यंत्रणा शक्य आहे म्हणून ती त्या दिवशी घडलीच, असे मात्र होत नाही. पालटलेल्या बिटावर गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे राहत नाहीत. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी मेमरीतल्या अशाच चुकांचा छडा लावला, तेव्हा दोषी ठरले ते चिपच्या आवरणातील युरेनियम आणि थोरियमच्या सूक्ष्म अंशांतून निघणारे अल्फा कण. मारिओच्या बाबतीत यंत्र जुने होते, खेळाची काडतूसवजा डबी वारंवार काढून घातली जाते, तिचे धातूचे दाते झिजतात आणि विद्युतदाबही वरखाली होतो. यांतल्या कशानेही एक बिट बिघडू शकतो. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्समधील स्कारबेक येथे एका उमेदवाराला संगणकाने ४,०९६ मते जास्त दिली. संख्या अशक्य होती म्हणूनच ती पकडली गेली. ४,०९६ म्हणजे आपला मघाचाच २¹², तेव्हा एक बिट पालटला हे उघड होते. आज्ञावलीत दोष सापडला नाही, आणि तिथेही लोकांनी ताऱ्यांकडे बोट दाखवले. दुसरे काही सापडले नाही यावरून तारा दोषी ठरवण्याची ही रीत मला पटत नाही.

आपल्याकडे या विषयाची आणखी एक शाखा फोफावली आहे. आज रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद करून अंगापासून दूर ठेवा, मंगळावरून वैश्विक किरण येणार आहेत, असा संदेश नासा आणि बीबीसी यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि आमच्या कुटुंबाच्या गटातही तो मोठ्या मायेने पाठवला जातो. हे किरण मंगळाचे नाहीत, रात्रीची वेळ साधून येत नाहीत आणि फोन बंद केल्याने परतही जात नाहीत. संदेश वाचायला लागतो तेवढ्या वेळात डझनभर म्यूऑन वाचणाऱ्याच्या तळहातातून निघून गेलेले असतात.

अशा चुकांवर इलाज जुनाच आहे. दर आठ बिटांमागे एक नववा बिट ठेवायचा आणि त्या आठांत १ हा अंक सम वेळा आला आहे की विषम वेळा, एवढेच त्यात नोंदवायचे. एक बिट पालटला की हिशेब जुळत नाही आणि चूक उघडी पडते. मोठ्या सर्व्हरांतली मेमरी त्याही पुढे जाऊन कोणता बिट चुकला हे ओळखून तो दुरुस्तही करते. निन्टेंडो ६४ च्या मेमरीत हा नववा बिट होता, पण त्याच्यावर राखणीचे काम दिलेले नव्हते. मुख्य प्रोसेसरला तो दिसतही नसे. चित्रे रेखाटणारी चिप आकृत्यांच्या खडबडीत कडा गुळगुळीत करण्यासाठी आणि कोणती वस्तू पुढे, कोणती मागे हे ठरवण्यासाठी तो वापरत असे. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने हेडफोन काढून विचारले, "आणि तो बिट पहाऱ्यावर असता तर?" तर पाहणीत एवढेच कळले असते की काहीतरी बिघडले आहे, कारण एकटा नववा बिट दुरुस्ती करू शकत नाही. बहुधा पडदा तिथेच गोठला असता आणि खेळाडूने चरफडत यंत्र बंद करून पुन्हा चालू केले असते.