अनेकांतवाद

अनेकांतवाद : वस्तूचे धर्म अनंत असतात, सामान्य माणसाला त्यांतले थोडेच एका वेळी कळतात, म्हणून त्याचे कोणतेही विधान विशिष्ट अपेक्षेनेच खरे असते, असे मानणारा जैन दर्शनाचा मध्यवर्ती सिद्धांत. ‘अंत’ म्हणजे येथे धर्म किंवा बाजू. मराठीत ‘एकांत’ म्हटले की निवांत जागा आठवते. जैन ग्रंथांत तो दोष आहे. एकच बाजू पकडून बाकीच्या खोट्या ठरवणे म्हणजे एकांत. ‘हेच खरे’ यातला ‘च’ तो हाच. हिंदी प्रवचनांत ‘ही’ सोडा आणि ‘भी’ धरा, असे सांगतात. मराठी श्रोत्याचा येथे थोडा गोंधळ उडतो, कारण हिंदीतला ‘ही’ म्हणजे आपला ‘च’ आणि हिंदीतला ‘भी’ म्हणजे आपला ‘ही’.

‘ज्याचे त्याचे खरे’ असा या सिद्धांताचा अर्थ सर्रास लावला जातो. तो चुकीचा आहे. जैन मतानुसार पूर्ण सत्य आहे आणि ते जाणणारा केवलज्ञानीही (सर्वज्ञ) आहे. तीर्थंकरांना ते ज्ञान झाले, अशीच श्रद्धा आहे. अपुरे आहे ते आपले ज्ञान, सत्य नव्हे. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. तिचे एक जुने रूप बौद्धांच्या ‘उदान’ या पाली ग्रंथात आहे. तेथे कान चाचपणारा हत्तीला सुपासारखा म्हणतो, पाय चाचपणारा खांबासारखा, शेपटीचा गोंडा हाती आलेला केरसुणीसारखा, आणि शेवटी सगळे गुद्द्यांवर येतात. गोष्ट सांगताना एक जण मात्र विसरला जातो : ही मारामारी डोळ्यांनी पाहणारा राजा. संपूर्ण हत्ती दिसणारे कोणीच नसते, तर आंधळे चुकले हे तरी कसे कळले असते?

सिद्धांताची बीजे आगमांत, म्हणजे जैनांच्या मूळ धर्मग्रंथांत आहेत. जग शाश्वत की अशाश्वत, यांसारख्या प्रश्नांवर बुद्धाने मौन पाळले. ‘भगवतीसूत्रा’तला महावीर उत्तर देतो, पण प्रश्न विभागून. जग कधी नव्हते असे नाही, म्हणून शाश्वत; त्यात चढउतारांची कालचक्रे फिरतात, म्हणून अशाश्वत. झोपणे चांगले की जागणे, असे जयंती नावाची श्राविका विचारते. अधर्माने वागणारा झोपलेला बरा, धर्माने वागणारा जागा बरा, असे उत्तर तिला मिळते.

‘तत्त्वार्थसूत्रा’ने याला तात्त्विक पाया दिला : जे उत्पन्न होते, नष्ट होते आणि तरीही टिकते, ते सत्. समंतभद्राने ‘आप्तमीमांसे’त दिलेला दाखला सोनाराच्या दुकानातला आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला, तर घट हवा होता तो हळहळतो, मुकुट हवा होता तो आनंदतो आणि ज्याला नुसते सोने हवे होते त्याला काहीच वाटत नाही. तिघांच्याही भावनेला खरे कारण आहे, कारण एकाच वस्तूत नाश, उत्पत्ती आणि टिकाव तिन्ही एकाच वेळी आहेत.

एका बाजूने केलेल्या आकलनाला ‘नय’ म्हणतात. परंपरेने नैगम, संग्रह, व्यवहार इत्यादी सात नय मानले आहेत. सिद्धसेन दिवाकराच्या ‘सन्मतितर्का’त इतर दर्शनेही यात बसवली आहेत : सांख्यांनी टिकणारे द्रव्य पाहिले, बौद्धांनी पालटणारे पर्याय (अवस्था). प्रत्येक नय आपल्या जागी खरा, दुसऱ्याला खोडू लागला की खोटा. बाराव्या शतकात हेमचंद्राने याचे तीन शब्दप्रयोग केले. ‘सदेव’ (आहेच) हा दुर्नय, म्हणजे दूषित नय, ‘सत्’ (आहे) हा नय, ‘स्यात् सत्’ (एका अपेक्षेने आहे) हे प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञान.

यातल्या ‘स्यात्’वरून अशा सापेक्ष विधानपद्धतीला स्याद्वाद हे नाव पडले. त्याचे भाषांतर ‘कदाचित’ असे करणे ही या विषयातली सर्वांत चिवट चूक. ‘स्यात्’ शंका दाखवत नाही, चौकट दाखवतो. मल्लिषेणाने १२९२ च्या सुमारास लिहिलेल्या ‘स्याद्वादमंजरी’तला घट मातीचा आहे, पाण्याचा नाही, पाटलिपुत्रातला आहे, कनौजचा नाही, शिशिरातला आहे, वसंतातला नाही, काळा आहे, तांबडा नाही. या चौकटीत तो आहेच. विधानाच्या सूत्रातही ‘स्यादस्त्येव’ (एका अपेक्षेने आहेच) असा ‘च’ येतो. चौकटीबाहेर तो नाहीच. आहे, नाही, क्रमाने दोन्ही आणि एकदम सांगता न येणारा (अवक्तव्य), या चार भंगांत (विधानप्रकारांत) अवक्तव्याच्या तीन जोडण्या मिळवल्या की सप्तभंगी पूर्ण होते.

विरोधकांनी यावर कडाडून टीका केली. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (२.२.३३) थंड आणि उष्ण एकत्र राहत नाहीत तसे विरुद्ध धर्म एका वस्तूत राहणार नाहीत, असे म्हटले, शिवाय सगळेच अनिश्चित असेल तर तीर्थंकर उपदेश तरी कशाचा करणार, असे विचारले. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीची थट्टा अधिक झोंबरी आहे. सगळेच सर्वरूप असेल तर ‘दही खा’ म्हटल्यावर माणूस उंटाकडे का धावत नाही? अकलंकाने त्याच नाण्यात परतफेड केली : सुगत (बुद्ध) पूर्वजन्मी मृग होता, तरी तुम्ही वंदन करता सुगताला आणि खाद्य मानता मृगाला, तसेच दही आणि उंटाचे. सिद्धांत स्वतःलाच लावला तर काय होते, हा प्रश्नही जैनांनी टाळला नाही. ‘अनेकांतही अनेकांतच आहे’, असे समंतभद्राने स्वच्छ लिहिले.

मग हा सिद्धांत मोकळ्या मनाचा आहे का? हरिभद्राचा ‘महावीराबद्दल मला पक्षपात नाही, कपिलादिकांबद्दल (सांख्य इत्यादी मतांच्या प्रवर्तकांबद्दल) द्वेष नाही, ज्याचे बोलणे युक्तीला धरून असेल ते घ्यावे’ या अर्थाचा श्लोक पाहिला, तर होय म्हणावे लागते. पण हेमचंद्राच्या ज्या स्तोत्रावर ‘स्याद्वादमंजरी’ ही टीका आहे, त्याचे नावच ‘अन्ययोगव्यवच्छेदिका’, म्हणजे परमतांचे खंडन करणारी. पूज्यपादाच्या ‘सर्वार्थसिद्धी’त मिथ्यादर्शनाचे (खोट्या श्रद्धेचे) पाच प्रकार दिले आहेत. त्यांत एकांत आहे, संशय आहे, आणि सर्व देव व सर्व मते सारखीच मानणारा ‘वैनयिक’ही आहे. आजच्या भाषेत ज्याला सर्वधर्मसमभाव म्हणू, त्याची रवानगी येथे थेट मिथ्यात्वात झाली आहे!

अनेकांत म्हणजे ‘बौद्धिक अहिंसा’ हे समीकरण विसाव्या शतकातले. आ. बा. ध्रुव यांनी १९३३ मध्ये ‘स्याद्वादमंजरी’ला लिहिलेल्या प्रस्तावनेमुळे ते रूढ झाले. त्याआधी १९२६ मध्ये गांधीजींनी ‘यंग इंडिया’त, मुसलमानाकडे त्याच्या आणि ख्रिश्चनाकडे त्याच्या दृष्टीने पाहायला आपण या सिद्धांतामुळे शिकलो, असे लिहिले होते. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस (१९५४) आणि जे. बी. एस. हाल्डेन (१९५७) यांनी सप्तभंगीचा संबंध संभाव्यतेशी जोडला. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी (जैन आगमांची प्राकृत भाषा) शिकवणारे आ. ने. उपाध्ये यांनी सिद्धसेनाच्या ग्रंथांचे संपादन केले.

व्यवहारात हा सिद्धांत मानणाऱ्यांमधलेही वाद मिटले नाहीत. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरात दिगंबर आणि श्वेतांबर पंथांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आळीपाळीने पूजेचे वेळापत्रक ठरवले होते. मूर्तीवर कटिसूत्र (करगोटा) आणि कासोटा आहे की नाही, हा त्यांच्या भांडणातला एक मुद्दा होता. प्रकरण १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. १९८१ पासून मंदिराला कुलूप होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडले.