विवाहजन्य परदेशगमन (सातारा–सांगली)

लग्नाच्या नात्यावर व्हिसा मिळवून जोडीदाराकडे परदेशी राहायला जाणे. लग्न होऊन मुलीने मुलूख सोडणे या भागाला नवे नाही. मिरज, जत तालुक्यांतल्या सोयरिकी अथणी-विजापूरपर्यंत जुळतात. देशाबाहेरची वाट मात्र बहुधा पुण्याच्या आयटी कंपन्यांवरून जाते. 2001 च्या जनगणनेत 0-6 वयोगटात हजार मुलांमागे सांगलीत 851, तर साताऱ्यात 878 मुली होत्या. ती पिढी आता लग्नाची झाली आहे. मुलींना निवड आहे, त्यामुळे द्राक्षबाग किंवा उसाचे रान असलेल्या मुलाला नकार मिळतो आणि ‘बाहेरच्या’ स्थळाची विचारपूस होते.

खरी अडचण वेळेची असते. मुलाला तीन-चार आठवड्यांची रजा, म्हणून सुपारी फुटली की आधी रजिस्टर लग्न उरकून व्हिसाची तयारी सुरू करतात. विशेष विवाह कायदा, 1954 मध्ये हे बसते, कारण तिथे विवाह अधिकाऱ्यापुढेच लग्न होते. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात आधीचे किमान 30 दिवस वास्तव्य हवे. नोटिशीनंतर 30 दिवस थांबावे लागते, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागले पाहिजे आणि तीन साक्षीदार लागतात. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. घरच्यांचा विरोध पत्करून आंतरजातीय लग्न करणाऱ्यांना हीच पायरी सर्वांत धोक्याची. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत 1998 च्या राज्य कायद्यानुसार होते ती आधी लागलेल्या लग्नाची नोंद. अक्षता पडण्यापूर्वीच तिथे ‘लग्न झाले’ असे लिहून दिले, की पत्रिकेवरची आणि दाखल्यावरची तारीख जुळत नाही आणि मुलाखतीत नेमके तेच विचारतात.

दुसरी चूक नावाची. मुलीचे मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे. शाळा सोडल्याचा दाखला व पदवी जुन्या नावाने, घाईत बदललेले आधार नव्या नावाने आणि पासपोर्ट जुन्याच नावाने, अशी त्रेधा होते. नाव बदलणे कायद्याने सक्तीचे नाही. प्रवास होईपर्यंत जुनेच ठेवून पासपोर्टमध्ये फक्त जोडीदाराचे नाव घालून घेणे सोयीचे. विवाहाच्या दाखल्याला अनेक देशांसाठी अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा हेग करारानुसारचा सरकारी शिक्का, लागतो. जर्मनीला तो चालत नाही, कारण भारताच्या त्या करारातील प्रवेशाला तिने आक्षेप घेतला आहे.

प्रत्येक देश नाते वेगळ्या मापाने मोजतो. ब्रिटनमध्ये 11 एप्रिल 2024 पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याचे उत्पन्न साधारणपणे वर्षाला किमान 29,000 पौंड असावे लागते. जर्मनीत सर्वसाधारणपणे ए1 म्हणजे प्राथमिक पातळीची जर्मन भाषा यावी लागते. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा युरोपीय परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. अमेरिकेच्या के-1 म्हणजे लग्न ठरलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर गेल्यास 90 दिवसांत लग्न करावे लागते. तिथे कायम वास्तव्य मिळताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर ते दोन वर्षांपुरते सशर्त असते आणि मुदत संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांत अट काढण्याचा अर्ज करावा लागतो. पुरावा म्हणून एकत्र फोटो, संभाषणे, संयुक्त खाते मागतात. प्रेमविवाह करणाऱ्यांकडे हे सहज असते. कांदेपोह्यांनंतर दोन फोनवर ठरलेल्या लग्नात ते नसते, आणि दोन्हीकडच्या वऱ्हाडाचा पाचशे फोटोंचा अल्बम त्याची जागा घेत नाही.

अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला एच-4 हा अवलंबितांचा व्हिसा मिळतो. त्यावर नोकरीची मुभा सरसकट नाही. 2015 पासून ती काही ठरावीक जोडीदारांनाच आहे. कराड-इस्लामपूरची इंजिनिअर मुलगी तिथे वर्षानुवर्षे घरी बसते, असे घडते ते यामुळे. व्हिसाच नवऱ्यावर अवलंबून असल्याने छळ झाला तरी घर सोडणे अवघड होते. टाकून दिलेल्या पत्नीला 2003 च्या दुरुस्तीमुळे हिंदू विवाह कायद्याखाली ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. परदेशातला एकतर्फी घटस्फोट इथे आपोआप मान्य होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये वाय. नरसिंह राव खटल्यात स्पष्ट केले.

उलट दिशेचे स्थलांतर थोडे आहे. भारतीयाशी लग्न करून इथे राहणाऱ्या परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी विवाहाची नोंदणी आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेले लग्न लागते; तोवर एंट्री व्हिसा. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. परदेशी सुनेच्या नावावर रान घ्यायचा विचार तलाठ्याकडे जाण्याआधीच सोडून द्यावा.