जुना घडीचा चाकू दुरुस्तीला देण्याआधी

आमच्याकडे येणारे बहुतेक चाकू कपाटाच्या खणात, सुतळीच्या गुंड्याशेजारी सापडलेले असतात. पातं गंजलेलं, मुठीची एक बाजू उडालेली, आणि उघडला की मान टाकणारा. त्यातलं काय वाचतं आणि काय नव्यानं घडवावं लागतं, ते इथं लिहिलं आहे.

मान टाकतो म्हणजे पाठीची स्प्रिंग गेली. ही स्प्रिंग वेटोळ्याची नसते. मुठीच्या पाठीत बसवलेली ती पोलादी पट्टी असते. तिचं टोक पात्याच्या बुडावर दाबून बसतं, म्हणून पातं जागच्या जागी राहतं. मधल्या रिव्हेटच्या भोकापाशी ती बहुतेकदा तुटते. तयार मिळत नाही, कारण प्रत्येक चाकूची वेगळी. जुनीवरून आखून आम्ही नवी कानशीनं घडवतो, लाल तापवून तेलात विझवतो, घासून लख्ख करतो आणि पुन्हा हलक्या आचेवर धरतो. रंग चढत जातो: पिवळा, तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंशांना निळा. निळ्यावर थांबायचं. पिवळ्यावरच काढली तर चार उघडझापीत मोडते. फार पुढे गेली तर वाकते आणि वाकलेलीच राहते.

खरा वेळ जातो तो त्यानंतर. तात्पुरती पिन घालून चाकू जोडायचा, पाठीवरून नख फिरवायचं. नख अडलं की खोलायचा, कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा जोडायचा. पातं उघडं असताना नख अडायला नको आणि मिटलेलं असतानाही नको; एकीकडचं जमलं की दुसरीकडचं बिघडतं. पंधरा-वीस वेळा तरी हे होतं. बिलातले बरेचसे पैसे याचेच असतात, पोलादाचे नव्हेत.

मध्यंतरी रत्नागिरीकडच्या एका बागायतदारांचा चाकू आला. इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वडिलांनी हापूसची कलमं बांधायला वापरलेला. पिनेच्या जागी सायकलचा आरा ठोकलेला, त्यानं भोक लांबट झालेलं. आम्ही भोक गोल करून जाड पिन घातली. पातं धार लावून लावून निम्म्यावर आलं होतं, ते नवं करून मागत होते. आम्ही नको म्हटलं. उरलेल्या पात्याला अजून उत्तम धार लागत होती, आणि ते बदललं असतं तर चाकू आमचा झाला असता, त्यांच्या वडिलांचा उरला नसता.

पात्यावरचा छाप आम्ही कधीच घासत नाही. तांबडा गंज काढतो, काळपट-निळसर थर तसाच ठेवतो. तो पात्याला राखतो. पात्यावर ‘स्टेनलेस’ असं कोरलेलं असेल, तर चाकू १९१३ नंतरचा. ते पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी त्या वर्षी तयार केलं.

मुठीचं विचारून घ्या. शेफील्डचे कारागीर आपल्याकडून गेलेलं सांबरशिंग लावत. नवं सांबरशिंग किंवा हस्तिदंत आम्ही लावत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांचा व्यापार करता येत नाही. म्हशीचं शिंग, हाड किंवा शिसवी लावतो. मुठीच्या टोकांच्या टोप्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. त्यात चांदी नसते (तांबं, निकेल, जस्त), त्यामुळे घडणावळीतून चांदीचे पैसे वजा होत नाहीत. हा प्रश्न येतो म्हणून सांगितलं. टोपीची पिन त्याच धातूची घालून ठोकून घासली की दिसेनाशी होते.

मूठ रंगीत, पारदर्शकशी असेल आणि कापराचा वास येत असेल, तर ती सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लास्टिकची. असा चाकू इतरांपासून वेगळा ठेवा. ते कुजू लागलं की त्याच्या वाफेनं शेजारचं पोलाद गंजतं, आणि ते भडकन पेटतंही.

खटक्याचे चाकू आम्ही घेत नाही. बाकी कुठलाही आणा, पण घरी ग्राइंडरवर धरून आणू नका आणि तुटलेले तुकडे टाकून देऊ नका; अर्धी स्प्रिंगसुद्धा मापाला पुरते. खर्चाचा अंदाज चाकू खोलून पाहिल्यावरच देतो, आणि तुमचा होकार येईपर्यंत काम सुरू करत नाही.

परत नेल्यावर लिंबू-कैरी कापली तर लगेच पुसा. सांध्यात महिन्याला एक थेंब शिलाई मशीनचं तेल घाला. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं आणि चाकू उघडता उघडत नाही.