मास्कचा पट्टा आवळण्याआधी हे वाचा
(सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारी मशीन, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या दुकानात सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार अशी: ‘भाऊ, मशीन हवा तर फेकून राहिली, पण सकाळी घसा पार कोरडा पडून राहिला. मशीन बदलून द्या.’ मशीन तपासली की बहुतेक वेळा ठणठणीत निघते. तोवर ग्राहकाने आपल्या परीने उपाय करून झालेला असतो, म्हणजे मास्कचा पट्टा आवळलेला असतो. आज थोडा, उद्या आणखी थोडा. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो, काहींना जखम होते, आणि हवा तेवढीच गळत राहते. कारण ती मास्कमधून गळतच नसते. झोपेत तोंड उघडतं आणि हवा तिथून जाते.

पट्टा आवळून तोंड बंद होत नाही. हे पटावं म्हणून थोडं शरीराबद्दल सांगतो.

नाकाला हाडाचा आणि कूर्चेचा आधार आहे. खाली स्वरयंत्रही कूर्चेच्या सांगाड्यात बसवलेलं आहे, आणि त्याखालच्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. या दोन टणक भागांमधला घसा मात्र साधारण 12 सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. गिळायचं आणि बोलायचं तर ती मऊच हवी. जागेपणी हे स्नायू वाट उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात, उताणं झोपलं की जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात. वाट अरुंद झाली की घोरणं सुरू होतं, पुरती मिटली की श्वास अडतो.

सीपॅप मशीन छातीत हवा कोंबते असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. श्वास तुमचा तुम्हीच घेता. मशीनचा दाब घशाच्या भिंती आतून दूर धरतो, एवढंच तिचं काम. 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हाही हवा नाकातूनच दिली होती. नाकातून दाब आला की मऊ टाळू पुढे येऊन जिभेवर टेकतो आणि तोंडाकडची वाट आतूनच बंद होते. जबडा खाली पडला, ओठ सुटले, की हे झाकण उघडतं. हवा नाकातून शिरते, तोंडातून फुर्रकन बाहेर पडते आणि घशात दाब उरत नाही. घरातली मंडळी सांगतात, ‘मशीन लावूनही घोरतात.’ बरोबरच आहे त्यांचं.

आता घसा कोरडा का पडतो ते. नाकाच्या प्रत्येक बाजूला तीन वळलेली हाडं असतात, डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेलं ओलसर अस्तर असतं. नाकपुडीपासून घशाच्या मागच्या भिंतीपर्यंतच्या 10-12 सेंटिमीटरांत हे अस्तर हवेचं तापमान शरीराच्या जवळ आणतं आणि तिला ओलावा देतं. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांच्या झळा असल्या तरी नाक त्या हवेला थंडच करतं. फुप्फुसांत पोचेपर्यंत प्रत्येक लिटर हवेत सुमारे 44 मिलिग्रॅम पाणी लागतं. त्यातला बराचसा ओलावा नाक पुरवतं, आणि श्वास सोडताना त्यातला काही भाग परत मिळवतं.

तोंड उघडं राहिलं की हा परतावा बंद होतो. रात्रभर हवा एकाच दिशेने जाते, नाकातून आत आणि तोंडातून बाहेर. पंप बंद पडलेल्या कूलरची ताटी जशी फॅनच्या वाऱ्याने वाळते, तसं नाकाचं अस्तर वाळतं. मग ते सुजतं, नाक चोंदतं, नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. ग्राहक म्हणतो, ‘मशीनने सर्दी लावली.’ मशीन सर्दीचे जंतू तयार करत नाही, पण कोरड्या हवेने नाक सुजवू शकते, हे मात्र खरं. म्हणूनच आम्ही मशीन देताना ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारं पाण्याचं भांडं, सोबत घ्या असं सांगतो. काहींना ती जास्तीची विक्री वाटते. वाटो बापडी.

तोंडच गळतंय का, हे घरी पाहता येतं. मास्क लावून आडवे व्हा, मशीन सुरू करा, तोंड मिटून नाकाने श्वास घ्या. मास्कच्या कडेला हात फिरवा. हवा लागत नसेल तर मास्क ठीक आहे, पट्ट्याला हात लावू नका. मग मुद्दाम ओठ उघडा, हवा कुठून सुटते ते लगेच कळेल. सकाळी जीभ वाळलेली, उशी लाळेने ओली, आणि मशीनच्या अहवालात पहाटेच्या सुमारास गळती वाढलेली, ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर फार शोधायला नको. एक मात्र ध्यानात ठेवा: मास्कवरच्या बारीक छिद्रांतून सतत येणारी हवा ही गळती नव्हे. तुमचा सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावून आलेले लोक आम्ही पाहिले आहेत. कृपा करून असं कधीही करू नका.

उपाय नाकापासून सुरू करा. एका वेळी एकच नाकपुडी मोकळी वाटली तर घाबरू नका, निरोगी माणसाच्याही नाकाच्या दोन बाजू काही तासांनी आळीपाळीने भरतात, आणि कुशीवर झोपलं की खालची बाजू जास्त चोंदते. दोन्ही बाजू रोजच बंद असतील, नाकातला पडदा वाकडा असेल किंवा ॲलर्जी असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाक मोकळं करणारे औषधी थेंब स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे घालू नका, काही दिवसांनी त्या थेंबांमुळेच नाक चोंदू लागतं. तोंडावर चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरताहेत, चोंदलेल्या नाकाच्या माणसाने त्या फंदात पडू नये.

ह्युमिडिफायरचा आकडा ऋतूप्रमाणे बदला. कूलर सुरू असलेल्या खोलीत हवा आधीच दमट असते, तिथे कमी पुरतो. एसीच्या खोलीत वाढवावा लागतो. डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी जमून गुडगुड आवाज येतो, ‘मशीनमध्ये पाणी गेलं’ असे फोन येतात. मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा, नळी दुलईखालून घ्या, आकडा एकाने उतरवा. भांड्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला आणि रोज बदला. बोअरचं पाणी उकळलं तरी त्यातले क्षार जात नाहीत, तळाला पांढरा थर धरतो.

एवढं करूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा वापरून पाहता येतो, किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेता येतो. दोन्ही आमच्याकडे मिळतात. मोठा मास्क महाग आहे, तरी तो आम्ही पहिल्या फटक्यात सुचवत नाही. त्याची कड लांब, म्हणून गळायच्या जागा जास्त. शिवाय काहींची हनुवटी तो मागे ढकलतो आणि दाब वाढवावा लागतो. भरघोस मिशीवर तो नीट बसत नाही. रात्री कवळी काढून झोपत असाल तर माप देतानाही कवळी काढूनच द्या, गालाचा आकार बदलतो. दाबाचा आकडा मात्र आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय बदलत नाही, कितीही ओळख निघाली तरी.

वापरलेला मास्क परत का घेत नाही, हेही विचारलं जातं. दुसऱ्याच्या नाकावर बसलेला मास्क तुम्हाला दिलेला चालेल का? म्हणूनच विकण्याआधी आम्ही तुम्हाला दुकानातच आडवं झोपवून, तुमच्या दाबावर, दोन-तीन मास्क लावून दाखवतो. याला वेळ लागतो आणि गर्दीत लोक कुरकुरतात, पण बसल्या बसल्या घेतलेलं माप झोपल्यावर चुकतं.

तक्रार घेऊन येताना नुसती मशीन आणू नका. मास्क, पट्टा, नळी, पाण्याचं भांडं आणि मशीनमधलं नोंदींचं कार्ड, सगळं एका पिशवीत आणा. आणि शक्य असेल तर रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसालाही सोबत आणा.