लोखंडी कचऱ्यातील खोल धातुशोध

खिळे, घोड्यांचे नाल, नांगराचे तुकडे अशा गंजक्या लोखंडाने भरलेल्या जमिनीत खोल दबलेली तांबे, कांसे, चांदी किंवा सोन्याची छोटी वस्तू हुडकण्यासाठी मेटल डिटेक्टरची जी जुळणी करतात, तिचा विचार या नोंदीत केला आहे. हे कसब मुख्यतः इंग्लंड आणि वेल्समधल्या नांगरटीच्या शेतांत मुरले. रोमन काळापासून तिथे लोक एकाच जागी शतकानुशतके राहिले आणि त्यांच्या घरांचे खिळे मातीतच उरले. रोमन बांधकामात किती खिळे लागत याची कल्पना स्कॉटलंडमधल्या इंचटुथिलच्या छावणीवरून येते. छावणी सोडताना रोमन सैन्याने पुरून ठेवलेले सुमारे पावणेनऊ लाख खिळे १९६० च्या सुमारास उत्खननात हाती लागले. जिथे खिळे असतात तिथे माणसे राहिलेली असतात, आणि जिथे माणसे राहिली तिथेच त्यांची नाणी व बकले पडली. म्हणून लोखंड टाळत फिरणारा शोधक वस्तीची जागाच टाळतो.

लोखंडामुळे होणारा गोंधळ या यंत्राइतकाच जुना आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तनावर चालणारे उपकरण वापरले. डॉक्टरांनी त्यांना शरीराची चुकीची बाजू तपासायला दिली होती. त्यात गादीतल्या पोलादी तारांनीही संकेत बिघडवले.

आजच्या बहुतेक छंदी यंत्रांत एक वेटोळे (कॉइल) काही किलोहर्ट्झ वारंवारतेचे चुंबकी क्षेत्र जमिनीत सोडते. त्या क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्यांचे उलट क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. परतलेला संकेत सोडलेल्या संकेताच्या किती मागे पडला, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. उत्तम वाहक चांदी एका टोकाला, पातळ वर्ख मध्ये आणि छोटे लोखंड दुसऱ्या टोकाला येते. लोखंडात दोन परिणाम एकत्र असतात: ते स्वतः चुंबकित होते आणि त्यात प्रवाहही फिरतात. छोट्या खिळ्यात पहिला परिणाम वरचढ ठरतो, तर रुंद पत्र्यात किंवा कडीत दुसरा. त्यामुळे गंजलेली लोखंडी कडी चांदीच्या रुपयासारखी खणखणीत वाजू शकते.

खोलीचे गणित फार निष्ठुर आहे. क्षेत्र जाताना क्षीण होते आणि परतताना पुन्हा क्षीण होते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच खोल असेल, तर अंतर दुप्पट होताच संकेत ६४ पटींनी घटतो. वस्तू वेटोळ्याच्या जवळ असेल तर घट सौम्य असते. तरीही २२ सेंमी व्यासाच्या कॉइलखाली ८ सेंमीवरचा खिळा आणि २४ सेंमीवरची तेवढ्याच ताकदीची वस्तू यांच्या संकेतांत सुमारे ५० पटींचा फरक पडतो. नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच दूर होतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे क्षीण संकेत किती वाढवून ऐकायचा ते ठरवणारी यंत्रावरची खूण (सेटिंग), दुप्पट केली तर २५ सेंमीची खोली जेमतेम २८-२९ सेंमीपर्यंत पोहोचते, पण वरच्या खिळ्यांचा आणि मातीचा गोंगाट मात्र पुरता दुप्पट होतो. खिळ्यांच्या शेतात सेन्सिटिव्हिटी शिगेला नेणे म्हणजे तीन सेंमीसाठी कान गमावणे. यंत्र शांत होईपर्यंत ती उतरवावी आणि मग एक-दोन अंश वर न्यावी, ही अनुभवी शोधकांची रीत मला सर्वांत पटते.

दुसरी खूण आहे डिस्क्रिमिनेशनची, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गप्प करण्याची. सोय म्हणून ती मोहक आहे, पण इथे तिची मोठी किंमत मोजावी लागते. खिळा ओळखून यंत्र गप्प होते, तेव्हा त्या क्षणी शेजारचे नाणेही गप्प होते आणि आपण काय गमावले ते शोधकाला कळतही नाही. शिवाय खनिजयुक्त मातीत अगदी खोल गेलेल्या तांब्या-चांदीच्या संकेतात मातीचा संकेत मिसळतो आणि पडद्यावरचा आकडा लोखंडाच्या बाजूला घसरतो. त्यामुळे खोल वस्तू हव्या असतील तर डिस्क्रिमिनेशन शक्य तितके कमी, किंवा शून्यच ठेवावे. लोखंडाला दाबण्यापेक्षा त्याला खालचा, जाड सूर नेमून द्यावा. मग शेत सतत गुरगुरत राहते आणि त्या गुरगुरीतून निसटणारा एखादा बारीक उंच सूर कान पकडतो. सुरुवातीला अर्ध्या तासात डोके उठते. पण सवय झाली की आकड्यापेक्षा आवाजच जास्त सांगतो.

सगळ्या जुळणीचा गाभा मात्र रिकव्हरी स्पीड हा आहे. फ्रेंच एक्सपी कंपनीच्या २००९ मध्ये आलेल्या देउस यंत्रात त्यालाच रिअॅक्टिव्हिटी म्हणतात. एका वस्तूचा संकेत संपवून यंत्र दुसऱ्यासाठी किती लवकर मोकळे होते, ते या मापावरून ठरते. संथ मापावर यंत्र जास्त वेळ संकेत गोळा करते, म्हणून स्वच्छ मातीत ते खोलवर ऐकते. पण खिळे दाट असतील तर दोन संकेत एकमेकांत मिसळतात आणि मोठा लहान्याला गिळतो. जलद मापावर कागदावरची खोली घटते, पण दोन खिळ्यांमधले नाणे सुटे ऐकू येते. खिळ्यांच्या शेतातली खरी खोली म्हणूनच अनेकदा जलद मापावर वाढते: रिकाम्या जमिनीत ३० सेंमी ऐकणारे संथ यंत्र इथे १० सेंमीवरही बहिरे ठरू शकते. माइनलॅबच्या २०१८ मध्ये बाजारात आलेल्या इक्विनॉक्स ८०० यंत्रात हे माप १ (संथ) ते ८ (जलद) असते. खिळे दाट असताना वरच्या निम्म्यात सुरुवात करावी आणि शेत विरळ होईल तसे खाली यावे. वेग आणि हात यांचाही मेळ लागतो. जलद मापावर झपाझप झाडू फिरवल्यासारखे चालू नये. संशयाच्या जागी कॉइल हातभर रुंदीत सावकाश मागेपुढे हलवावी.

याच यंत्रात आयर्न बायस नावाची वेगळी खूण आहे. संदिग्ध संकेत लोखंडाच्या खात्यात टाकायचा की चांगल्या धातूच्या, याचा कल ती ठरवते. ती वर ठेवली तर खोटे संकेत कमी होतात, पण खिळ्याला चिकटलेले नाणेही लोखंडात जमा होते. खोल वस्तूंच्या शोधात ती खाली ठेवून चार खिळे जास्त खणणे मला योग्य वाटते.

कॉइलच्या निवडीतही हीच ओढाताण दिसते. मोठी कॉइल खोल जाते, पण एका वेळी जास्त खिळे पोटात घेते. ११ इंचीऐवजी ६ इंची कॉइल लावल्यावर खोली थोडी घटते आणि पिंजून काढलेल्या शेतातूनही वस्तू निघू लागतात. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर आलेली कॉइल मध्यावरच्या अरुंद पट्ट्यात ऐकते, म्हणून ती अशा जागी सोयीची ठरते. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकूनच फिरवावी. चार बोटे उंच राहिली तर सेन्सिटिव्हिटीच्या खुणेने मिळवलेले सगळे हातचे जाते.

वारंवारतेचा नियम एवढाच: उंच वारंवारता छोट्या, पातळ, कमी वाहक वस्तूंना चांगली जागवते, खालची वारंवारता मोठ्या आणि उत्तम वाहक वस्तूंना. हातोड्याने ठोकून पाडलेल्या मध्ययुगीन चांदीच्या नाण्यांचे अर्धे आणि पाव तुकडे चलनात असत. असे तुकडे शोधणारे देउसची १८ किलोहर्ट्झची वारंवारता पसंत करतात. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा संकेत वजा करणे, नेहमी लोखंड नसलेला तुकडा शोधून तिथेच करावे. खिळ्यावर केले तर यंत्र खिळ्यालाच माती समजते. मातीचा आपोआप माग ठेवणारी सोय याच कारणाने इथे बंद ठेवतात.

संकेत लागला की त्याभोवती काटकोनात फिरून पुन्हा ऐकतात. लांब खिळा एका दिशेने चांगला वाजतो आणि दुसऱ्या दिशेने गुरगुरतो, आणि खोट्या सुराची जागा सरकत राहते. नाण्याचा सूर जागेवर राहतो. मात्र खिळ्याच्या सावलीतले नाणेही एकाच दिशेने वाजू शकते. म्हणून एका दिशेचा, पण दर फेरीला त्याच बिंदूवर उमटणारा सूर सोडू नये. खिळा निघाल्यावर खड्डा पुन्हा तपासण्याची शिस्तही यातूनच आली आहे. वरचे लोखंड गेले की खालचा संकेत मोकळा होतो.

खोलीला एक नैतिक मर्यादाही आहे. नांगर साधारण २०-३० सेंमी माती उलथतो. त्याखालचे थर शाबूत असतात आणि वस्तूचा संदर्भ त्यांतच असतो. त्यामुळे इंग्लंड-वेल्समधली जबाबदार शोधाची आचारसंहिता नांगराच्या खोलीखाली खणू नका असे सांगते. १९९६ चा ट्रेझर अॅक्ट (गुप्तधनाचा कायदा) आणि सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी, १९९७ पासून चालणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम यांमुळे तिथे नोंदणीची वाट तयार आहे. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ शोधकाला मडक्यातली नाणी लागली, तेव्हा त्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. म्हणूनच ५२,५०३ रोमन नाणी थराथराने, क्रम न मोडता काढता आली.

महाराष्ट्रात हे तंत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत मॅग्नेटाइट असते आणि कोकणातला जांभा लोहयुक्त असतो. त्यामुळे माती स्वतःच मोठा संकेत देते आणि खोली आधीच घटते. कायद्याची बाजूही निराळी आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या गुप्तधनाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. संरक्षित किल्ले आणि लेण्यांच्या आवारात परवानगीशिवाय खणणे १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने गुन्हा आहे.