न्यूट्रल काळ्यामागचे रंग

कृष्णधवल प्रिंट म्हणजे काळा, पांढरा आणि मधले करडे, असं आपण सहज म्हणून जातो. पण न्यूट्रल, म्हणजे रंगाचा लवलेशही नसलेला करडा छायाचित्रणात आपसूक कधीच मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकातले अल्ब्युमेन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचे) मुळात तांबूस-तपकिरी यायचे. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणातून काढले की ते जांभळट, थंड दिसत आणि टिकतही जास्त. पुढे डार्करूममध्ये चांदीच्या क्षारांपैकी क्लोराइडचा अंश जास्त असलेले कागद उबदार छटा देत, निव्वळ ब्रोमाइडचे थंड. सेलेनियमच्या द्रावणात धुतलेल्या प्रिंटच्या सावल्या गडद होत आणि त्यांना किंचित वांगी झाक येई. अशा प्रिंटांवर पोसलेली नजर घेऊनच माणसं इंकजेटकडे, म्हणजे शाईचे बारीक थेंब फवारणाऱ्या संगणकी छपाईकडे वळली.

आणि तिथे निराशा झाली. १९९१ साली संगीतकार ग्रॅहम नॅश यांनी कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही छपाईशाळा सुरू केली, तेव्हा कलाछपाईसाठी आयरिस हे इंकजेट प्रिंटर वापरात आले. पण रंगीत शाया मिसळून करडा जुळवायचा, तर एखादी शाई जराशी इकडेतिकडे झाली की ढग हिरवट आणि कातडी गुलाबी! सुरुवातीच्या पिगमेंट शायांची (रंगद्रव्याचे न विरघळणारे कण असलेल्या शायांची) अडचण आणखी वेगळी होती: दिव्याखाली न्यूट्रल वाटणारा प्रिंट खिडकीशी नेला की हिरवा दिसे.

अमेरिकन मुद्रणकार जॉन कोन यांनी यावर मुळाशी जाऊन उपाय केला. प्रिंटरमधल्या रंगीत शाया काढून तिथे एकाच काळ्याच्या फिकट होत जाणाऱ्या शाया भरायच्या. त्यांची ही पद्धत, पिझोग्राफी, २००० च्या सुमारास बाजारात आली. आधी चार शाया होत्या, पुढे सात झाल्या. फिकट भागातले ठिपके दिसेनासे झाले आणि करड्यांच्या पायऱ्या एकमेकींत विरघळल्या. मला हा या इतिहासातला सगळ्यात मोलाचा टप्पा वाटतो.

तरी मूळ पेच उरतोच, कारण या शायांचा पाया कार्बन, म्हणजे काजळीच. कार्बन शाईचा दाट थेंब कागदावर टाका, काळाभोर दिसेल. तोच पातळ करून पसरवा, तपकिरी झाक उघडी पडेल. ती मारायला निळसर रंगद्रव्य घालावं लागतं. म्हणजे ‘न्यूट्रल’ शाईत रंग मिसळलेला असतो आणि रंग न मिसळलेली शाई उबदार दिसते. या उलट्या हिशेबाकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. कागदाचाही यात वाटा असतोच: उजळवणारी रसायनं असलेला कागद थंड दिसतो, निव्वळ कापसाचा मऊ पिवळसर.

२००५ मध्ये प्रिंटर बनवणाऱ्या एप्सनने तीन काळ्या शायांचा के-३ संच आणला. त्याच्या कृष्णधवल पर्यायात न्यूट्रल, कूल, वॉर्म आणि सेपिया या छटा थेट निवडता येऊ लागल्या. त्यासाठी काळ्यांच्या जोडीला रंगीत शाया अगदी थोड्या वापरल्या जातात. सोय मोठी झाली, पण उजेडात आधी विटतात ते हेच रंग. कार्बन जागचा हलत नाही. म्हणून जुना होत गेलेला न्यूट्रल प्रिंट हळूहळू आपल्या मूळ तपकिरीकडे झुकू लागतो.